निमॅटोड मारणाऱ्या बुरशीच्या नावाखाली २३,७०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

टोमॅटोचा एक एकर प्लॉट. भर दुपारी झाडं माना टाकायची आणि उपटून पाहिलं की मुळांना नुसत्या गाठी. निमॅटोड, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक सूत्रकृमी. तोडे तोंडावर आले होते, दाणेदार विष टाकायचं मन होईना, म्हणून बुरशी वापरायचं ठरवलं. ते चुकलं नव्हतं. पॅसिलोमायसिस, पोकोनिया या बुरशा सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढतात आणि ती संपवतात. आदल्या वर्षी काकडीत मला स्वतःला फरक दिसला होता. बुरशी खरी आहे, विकणारा खोटा निघाला.

त्या विक्रेत्याने प्लॉटवर येण्याचे, व्हिजिटचे, १,५०० रुपये आधी घेतले. मूळ धुऊन, हातात धरून गाठी दाखवल्या, मादी अंडी कुठे घालते तेही बरोबर सांगितलं. अशा माणसावर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं? १२ किलो पावडर, किलोला १,१५० प्रमाणे १३,८००. महिन्याने 'डोस कमी पडला' म्हणून ६ लिटर लिक्विड, लिटरला १,४००, म्हणजे ८,४००. पैसे फोनवरून, बिल वहीच्या पानावर. पक्कं बिल नसेल तर माल उतरवूनच घेऊ नका.

पण एक क्षण डोक्यातून जात नाही. मी विचारलं, कार्बेन्डाझिमचं ड्रेंचिंग करायचंय, म्हणजे ते मुळाशी सोडायचंय, किती दिवसांचं अंतर ठेवू? तो म्हणाला, "अंतर कशाला, एकत्रच सोडा, काही होत नाही." अहो, ते बुरशीनाशक! पुड्यात जिवंत बुरशी असती तर मेली नसती का? वीस वर्षं शेती करतोय, हे मला माहीत होतं. पुडा हातात होता, ड्रिपची टाकी समोर होती, आणि मी गप्प बसलो. तिथेच त्याला हाकलायला हवं होतं.

शेणखताच्या ढिगानेही सांगितलं होतं. पावडरीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी हिरवी बुरशीही आहे म्हणाला होता, म्हणून थोडी खतात मिसळली. ओलावा धरून, सावलीत, पंधरा दिवस झाकून ठेवलं. गोणपाट उचललं तर हिरवी बुरशी कुठेच नाही, खत जसंच्या तसं. मी म्हटलं, थंडी असेल.

पुड्यावर नाव होतं 'जैविक भूसुधारक'. बुरशीचं नाव फक्त त्याच्या तोंडात. नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत, सीएफयू (जिवंत बुरशीचं प्रमाण), काही नाही. सूत्रकृमी मारतो म्हणून विकला जाणारा माल कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदलेला लागतो. विकत घेण्याआधी वाचा, मी नंतर वाचलं.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. फोडलेल्या पुड्याचा नमुना चालत नाही म्हणाले. दुकान कुठे? दुकानच नाही, तो घरपोच देतो. मग आम्ही काय करणार? भूसुधारक लिहिलंय म्हणजे खताच्या टेबलावर जा. खताचे साहेब म्हणाले हे औषध आहे, औषधाकडे जा. चार खेपा झाल्या, अर्जावर पोच मिळाली ती तिसऱ्या खेपेला. पोलीस म्हणाले दिवाणी बाब आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? हो, पाठवले, माल घ्यायला पाठवले! शेतकऱ्याने फसवणूक सिद्ध करायची आणि पगार घेणाऱ्यांनी टेबल दाखवायचं.

एक पुडा न फोडता बाजूला ठेवा, पावडर कितीही कमी पडली तरी. आणि प्लॉटचे फोटो विक्रेत्याला पाठवू नका. मी विसाव्या दिवशी, झाडं हिरवीगार असताना पाठवला होता. आता तोच फोटो 'आमचा रिझल्ट' म्हणून तो फिरवतोय. त्यातली बांधाकडची ओळ मी परवा उपटून जाळली.