गिफ्टेड टेस्ट, सात महिन्यांनंतर: आकडा, रिपोर्ट आणि न मिळालेलं खोडरबर

टेस्ट झाल्या संध्याकाळीच "मस्त अनुभव" लिहून टेस्ट सेंटरला पाच स्टार देऊन मोकळी झाले होते, हे आधी कबूल करते. आता त्यातले दोन परत घेतेय. तीन ठेवलेत, तेही कुणामुळे ते पुढे येईलच.

लेक आठ वर्षांची. शाळा बदलायची होती, नव्या शाळेत गिफ्टेड वर्गासाठी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट लागतो, अट बुद्ध्यांक (आयक्यू) किमान 130. विस्क फाइव्ह, म्हणजे मुलांची बुद्ध्यांक मोजायची टेस्ट, करून घेतली. टेस्ट कशी असते ते परत सांगत बसत नाही, शोधाशोध करणाऱ्या प्रत्येक आईबापाला एव्हाना पाठ झालेलं असतं. सव्वा तासाने लेक बाहेर आली आणि पहिलं वाक्य काय, तर "आई, त्यांनी मला खोडरबरच दिलं नाही."

मी हसले. हसायला नको होतं.

आमची बाई अशी की 'ळ'चं वळण मनासारखं आलं नाही तर अख्खी ओळ खोडून परत लिहिते. आणि त्या टेस्टमध्ये कोडिंग नावाचा भाग असतो (कॉम्प्युटरचं कोडिंग नव्हे, मीही आधी तेच समजले होते), आकड्यांखाली ठरवून दिलेली चिन्हं भराभर काढायची, दोन मिनिटांत जितकी होतील तितकी. पेन्सिल मिळते, खोडरबर नाही. मुद्दामच नाही, सगळ्यांनाच नाही. हिचं एक चिन्ह वाकडं आलं, हिने खोडरबर मागितलं, नाही म्हटल्यावर ते चिन्ह गिरवून गिरवून नीट करत बसली. घड्याळ काय थांबतंय.

आता रिपोर्ट. तीन आठवडे सांगितले होते, सातव्या आठवड्यात आला, तोही माझ्या चार फोननंतर. फॉर्म भरायला नऊ दिवस उरलेले. उघडला तर दीड पान! एकूण आकडा 127, आणि खाली "क्षमता उत्तम, प्रोत्साहन द्यावे". एवढं तर तिची आजीसुद्धा फुकटात सांगते.

शाळेने लगेच उलट विचारलं की पाचही इंडेक्सचे (म्हणजे भाषा, वेग अशा एकेका क्षमतेचे) वेगवेगळे स्कोअर कुठे आहेत, कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या रेंजमध्ये असू शकतो ती रेंज, कुठे आहे. सेंटरला फोन केला तर म्हणे तो 'विस्तृत अहवाल', त्याची फी वेगळी. अहो, ते स्कोअर काढल्याशिवाय तुम्ही टेस्ट तपासलीत कशी? भांडं विकायचं आणि झाकणाचे पैसे वेगळे, असा प्रकार. दुसरीकडे जाऊन परत टेस्ट करावी तर तीही सोय नाही, तीच टेस्ट लगेच पुन्हा दिली की सरावानेच मार्क वाढतात म्हणून साधारण वर्ष-दोन वर्षांचं अंतर ठेवायला सांगतात, आणि आधी टेस्ट झालीय का हे शाळेच्या फॉर्मवर स्पष्ट विचारलेलं असतं. म्हणजे अडला हरी. तासभर हुज्जत घालून फी निम्मी करून घेतली, पण दिली.

आणि इथे मला माझे शब्द थोडे गिळावे लागतायत, कारण तो अकरा पानी रिपोर्ट खरंच चांगला निघाला. भाषेचा इंडेक्स 138, प्रोसेसिंग स्पीड, म्हणजे कामाचा वेग, 94 (कोडिंग यातच येतं). दोन टोकांमध्ये 44 चं अंतर! इतकी तफावत असली की एकूण आकडा म्हणजे निव्वळ सरासरीचा गोंधळ, त्यातून मूल काही कळत नाही. अशा वेळी जीएआय (जनरल एबिलिटी इंडेक्स) नावाचा वेगळा आकडा बघतात, त्यात वर्किंग मेमरी (ऐकलेलं-पाहिलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवणं) आणि स्पीड धरत नाहीत. हिचा जीएआय 136. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन फॉर गिफ्टेड चिल्ड्रेनने 2018 च्या निवेदनात हेच म्हटलंय, की निवडीसाठी एकूण आकड्यावरच अडून बसू नका, जीएआयसारखे स्कोअरही चालवा. मी ते निवेदन प्रिंट काढून फॉर्मला जोडलं. एकूण 127 ची रेंजसुद्धा 130 च्या पुढे जात होती, पण दीड पानात रेंज दिलेलीच नव्हती!

पान सहावर एक ओळ होती: "दोनदा खोडरबर मागितले, नंतर चुकलेले चिन्ह गिरवण्यात वेळ गेला." म्हणजे टेस्ट घेणाऱ्या बाईंनी बघितलं होतं, लिहूनही ठेवलं होतं. ते तीन स्टार त्यांचे. शाळेच्या काउन्सेलरने फोनवर नेमकं त्याच ओळीबद्दल विचारलं आणि पुढच्या आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं. त्या ओळीचे मी जादा पैसे मोजलेत.

खोडरबराबद्दल मी महिनाभर घरात इतकी बोलत होते की नवऱ्याने तो शब्दच बंद करायला सांगितला. त्याचं म्हणणं, ज्या 2200 मुलांवरून टेस्टचे नॉर्म, म्हणजे तुलनेचे आकडे, काढले त्यांनाही खोडरबर नव्हतं, हिला एकटीला दिलं असतं तर स्कोअरला अर्थच उरला नसता. बरोबर आहे. पटतं. तरी डोक्यातून जात नाही.

आता नव्या शाळेत चार महिने झालेत. गणिताच्या तासाला खूश असते, पण फळ्यावरचं उतरवून घेण्यात अजूनही सगळ्यात शेवटी, त्यामुळे 94 चा सगळा दोष खोडरबराचा नाही हेही आता मान्य करते. वर्गाच्या बाईंनी तिला पेनने लिहायला सांगितलंय, चुकलं तर एक रेघ मारून पुढे. पहिल्या आठवड्यात रडारड झाली, आता मारते रेघ, पट्टी लावून.

कुणी टेस्ट ठरवत असाल तर पैसे भरायच्या आधी ईमेलवर लेखी घ्या की रिपोर्टमध्ये सगळे इंडेक्स, रेंज आणि निरीक्षणं असतील, कोणती टेस्ट, कितवी आवृत्ती, आणि किती तारखेला मिळेल. फोनवर सगळेच हो म्हणतात. सेंटरकडून फीडबॅकची लिंक तीनदा आलीय. निम्म्या फीची पावती मात्र अजून आलेली नाही.