संत्र्याचा सिरका: भांडी आणि तापमान, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. अंबियाचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या बहाराचा माल तुटला की व्यापारी मोठं फळ उचलतो आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, तशीच मागे राहते. मागच्या डिसेंबरात त्या चुरीचा रस काढून घरापुरता सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायला घेतला. जुलै संपेपर्यंत पाच घाणे निघाले. रस किती, यीस्ट किती, हे कुठेही वाचायला मिळतं. भांडं कोणतं घ्यावं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते गार कसं ठेवावं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. माझा रस आणि पैसा वाया गेला तो तिथेच, म्हणून सविस्तर लिहिते.

सिरका दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात यीस्ट रसातली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं. तिथे बाहेरची हवा आत यायला नको, आतला गॅस तेवढा बाहेर पडला पाहिजे. दुसऱ्या टप्प्यात अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, आणि त्यांचं हवेवाचून चालत नाही. भांड्यांची बहुतेक माहिती घरी बिअर करणाऱ्या परदेशी लोकांसाठी लिहिलेली असते. त्यांचं काम पहिल्याच टप्प्यावर संपतं, त्यामुळे त्यात सगळा भर घट्ट झाकणावर. मीही तेच धरून बसले. पहिला घाणा महिनाभर झाकणबंद ठेवला आणि तो आंबट होईना. सासूबाईंनी एक दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, "आंबट व्हाले हवा लागते व पोरी. तोंड दाबून ठेवशीन तं कसं होईन?" त्या दिवसापासून दोन टप्प्यांना दोन वेगळी भांडी.

आता एकेक भांडं.

सुरुवात पाण्याच्या २० लिटरच्या जारपासून केली, कारण तो घरात होता. त्याच्या तोंडातून हात आत जात नाही. संत्र्याचा गर फेसाबरोबर वर चढतो आणि जारच्या खांद्याला आतून चिकटून वाळतो. तो काढायला तारेचा ब्रश घातला, तर प्लास्टिकवर बारीक ओरखडे पडले. ओरखड्यात जे बसतं ते धुण्यानं निघत नाही, आणि पुढच्या घाण्याला कुबट वास आला. शिवाय मी जार गळ्यापर्यंत भरला होता आणि गॅससाठी सलाईनची बारीक नळी लावली होती. गर नळीत अडकला. रात्री झाकण उडालं आणि सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळे ओघळ. तेव्हापासून रस आधी मलमलीतून गाळते, भांडं पाऊणच भरते, आणि गवंडी लेव्हल काढायला जी जाड पारदर्शक नळी वापरतात तीच झाकणाला लावते. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. बुडबुडे मोजता येतात, आणि नळी कधी तुंबली नाही.

पहिल्या टप्प्यासाठी आज माझ्याकडे २५ लिटरच्या, घट्ट झाकणाच्या, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या दोन बादल्या आहेत. घेताना बूड उलटं करून पाहावं: त्रिकोणात २ आकडा आणि पेला-काट्याची खूण हवी. रंगाची रिकामी बादली कितीही घासली तरी चालत नाही. या बादल्या मऊ स्पंजनंच धुवायच्या, घासणी लावायची नाही. पाचपैकी तीन घाणे यांत झाले आणि एकदाही वास धरला नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, एवढीच अडचण.

काचेच्या ५ लिटरच्या बरण्यांमध्ये ते दिसतं. गाळ बसताना, रस निवळताना पाहायला मला फार आवडतं. पण जानेवारीच्या पहाटे गार बरणीत कढत पाणी ओतलं आणि ती बुडाशी गोल तडकली. काच धुवायची तर कोमट पाण्यानं. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून भोवती जुनं लुगडं गुंडाळते.

स्टीलची तोटीवाली टाकी ही माझी सगळ्यात महागडी चूक. टाकी चांगली होती, पण तोटी आतून पितळी आणि वर नुसता चकचकीत मुलामा. तिसऱ्या घाण्याचा तयार सिरका त्यात भरून ठेवला. तीन आठवड्यांनी तोटीच्या टोकाला एक थेंब लटकलेला दिसला, फिकट हिरवट. बोटावर घेतला तर जिभेला न लावताच नाण्यासारखा वास. तोटी खोलली तेव्हा आतल्या आट्यांवर हिरवा थर होता. आम्लानं पितळेतलं तांबं खाल्लं की तो हिरवा क्षार होतो, आणि तो विषारी आहे. १२ लिटर सिरका नालीत ओतला. दुकानदारानं विकताना "पूर्ण स्टील" सांगितलं होतं. तोटी खोलून पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर घेऊ नका. तांबं, पितळ आणि जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) भांडी यांत आंबट काही ठेवायचं नाही हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असतं, पण तोटीकडे लक्ष जात नाही.

दुसऱ्या टप्प्याला मात्र सासूबाईंच्या चिनी मातीच्या १० लिटरच्या बरणीसारखं काही नाही. रुंद तोंड, जाड अंग. एका दिवशी मी दर तीन तासांनी नोंद केली: खोलीचं तापमान २७ वरून ३८ वर गेलं, बरणीतल्या सिरक्याचं जेमतेम तीन अंशांनी हललं. जिवाणूंना हा संथपणा मानवतो. दहा-बारा दिवसांत वर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो, त्याला मदर म्हणतात. सुरुवातीला तो धुकट काचेसारखा असतो, मग चिवट होत जातो. बरणी हलवली की तो बुडतो आणि पुन्हा नव्यानं धरावा लागतो, म्हणून ती एकदा ठेवली की जागची हलवत नाही. बरणी अर्धीच भरते, म्हणजे हवेला पृष्ठभाग जास्त मिळतो. झिलईला तडे गेलेली जुनी बरणी घेऊ नये. काही जुन्या झिलईत शिसं असतं आणि आम्ल ते ओढून घेतं.

माठही करून पाहिला. चार दिवसांत बाहेरून सिरका पाझरला आणि ओसरीवर मुंग्या लागल्या. माठाचा उपयोग वेगळाच आहे, तो पुढे सांगते.

तापमानाचं म्हणाल तर थंडीत फारसं काही करावं लागलं नाही. डिसेंबरात रात्री पारा १० ते १२ वर उतरतो आणि यीस्ट झोपतं. बादली थर्माकोलच्या खोक्यात ठेवून आत ४० वॅटचा बल्ब लावला, वरून वाकळ टाकली, की २२-२४ मिळतात. बल्ब बादलीला टेकू द्यायचा नाही.

खरी लढाई मार्चनंतर. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, म्हणजे पहिला टप्पा संपता संपता उन्हाळा दारात. आपल्याकडचं ऊन सांगायला नको, नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. त्यात आंबताना रस स्वतःही गरम होतो. माझ्या २५ लिटरच्या बादलीत आतलं तापमान भोवतालपेक्षा तीन-चार अंश जास्त भरलं. म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, रसात बुडवून पाहावा. मार्चमधला एक घाणा मी काहीच न करता ठेवला, तो ३४ वर गेला. सहा दिवसांत बुडबुडे थांबले म्हणून खूश झाले, पण झाकण उघडल्यावर नेलपॉलिशसारखा उग्र वास. त्याचा सिरका झाला, पण तो वास शेवटपर्यंत मागे राहिला. लोणच्यातही जाणवतो.

एप्रिलचा घाणा मी ओल्या पोत्यावर काढला. मोठ्या घमेल्यात चार बोटं पाणी, त्यात बादली, बादलीभोवती तागाचं पोतं असं गुंडाळायचं की खालची कड पाण्यात बुडेल. पोतं पाणी आपोआप वर ओढतं. आधी ते कूलरच्या खोलीत ठेवलं होतं, पण कूलरची हवा आधीच ओली असते, पोतं वाळतच नाही, त्यामुळे वेगळा फायदा होईना. मग उत्तरेच्या ओसरीत सावलीला ठेवलं, जिथे दुपारी झळा लागतात. झळ जितकी कोरडी तितकं पोतं गार. ओसरीत ४१ अंश असताना बादलीतला रस २८ वर होता. मला ते खरं वाटेना, म्हणून थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून तपासला, तो शून्यच दाखवत होता. लाइट गेली तरी याचं काही अडत नाही, हे आमच्या गावात फार मोलाचं. सकाळी एकदा आणि दुपारी दोनला एकदा घमेल्यात पाणी, बस.

पाझरणारा माठ इथे कामी आला. मोठ्या रांजणात ओली रेती घालून, तिच्यात माठ बसवून, माठात काचेची बरणी ठेवली. पोत्यापेक्षा एखादा अंश जास्तच गार. पण रेतीचं वजन आणि बरणी काढ-घाल करायचा त्रास पाहता रोजच्यासाठी पोतंच बरं.

मे महिन्यासाठी जुना सिंगल डोअरचा फ्रिज आणि तापमानाचा डिजिटल कंट्रोलर घेतला, सेन्सरची वायर आत आणि फ्रिजचा प्लग कंट्रोलरमध्ये. पहिल्या आठवड्यात सेन्सर आत नुसता लटकत होता. तो १८ दाखवायचा आणि रस २६ वर. मग सेन्सर बादलीच्या अंगाला चिकटवून वरून स्पंजचा तुकडा टेपनं बांधला. २४ वर ठेवून एका अंशाचा फरक दिला, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटांचा अवकाश. तो अवकाश लावाच, कारण लाइट सारखी ये-जा करते आणि त्यात कॉम्प्रेसर जळतो. या घाण्याचा वास पाचांत सगळ्यात स्वच्छ आहे. संत्र्याचं फूल आठवतं, इतका.

मात्र फ्रिज फक्त पहिल्या टप्प्यापुरता. दुसऱ्या टप्प्याची बरणी मी हौसेनं आठवडाभर आत ठेवली, मदर धरलीच नाही. बंद जागेत हवा पुरत नाही, आणि आंबट वाफ फ्रिजच्या तांब्याच्या नळ्यांना खाते. जिवाणूंना २५ ते ३० अंश हवेत, ३५ च्या वर ते मंदावतात. त्यांना ओसरीतलं पोतं पुरेसं आहे.

पावसाळ्यात पोत्याचा खेळ संपतो. जुलैच्या दमट हवेत एक-दोन अंशांचाच फरक पडतो आणि पोत्यावर बुरशी येते. पण तेव्हा हवाच ३० च्या आसपास असते, नुसती बरणी ठेवली तरी चालते. त्रास होतो तो चिलटांचा. साधी जाळी त्यांना अडवत नाही. मांजरपाटाची दुहेरी घडी तोंडावर बांधून नाडीनं आवळावी लागते.

दोन गोष्टी भांड्याशी संबंधित नाहीत, पण त्यांनीच माझे पहिले दोन घाणे बिघडवले. सालीतलं तेल रसात उतरलं की यीस्ट दबतं, म्हणून फळ सोलूनच पिळावं. आणि बिया चिरडल्या की रस ठेवल्यावर कडू होतो, म्हणून मिक्सर नको. हातानं पिळायला वेळ लागतो, पण फरक जिभेला लगेच कळतो.

आम्ल किती झालं ते शेजारच्या गावातल्या विज्ञानाच्या सरांनी शाळेच्या ब्युरेटवर काढून दिलं: ४.१ टक्के. विकायच्या सिरक्याला किमान ३.७५ टक्के लागतं. अल्कोहोल जितके टक्के, साधारण तितकेच आम्ल, असा ढोबळ हिशेब आहे. संत्र्याच्या रसात साखर कमी असल्यानं वर थोडा गूळ घालावा लागतो. तयार झाल्यावर बाटल्या काठोकाठ भरून बूच लावायचं. हवा राहिली तर जिवाणू अल्कोहोल संपल्यावर आम्लही खाऊ लागतात आणि सिरका पाणचट होतो.

विकायचं मनात असेल तर परवान्याचं आधी विचारून घ्या. माझा सगळा सिरका घरात आणि नात्यातच जातो.

टाकी आता धान्याला लावली आहे. यंदाच्या अंबियासाठी आणखी एक बादली घेतली. चिनी मातीची दुसरी बरणी बाजारात मनासारखी मिळत नाही, म्हणून सासूबाईंनी त्यांच्या माहेरी निरोप धाडला आहे. तिथे माळ्यावर १५ लिटरची एक पडून आहे म्हणतात. दिवाळीला जाऊ तेव्हा आधी तिची झिलई पाहून घेईन.