डार्विनच्या नातवाचं गोल्फपुस्तक: नऊ महिन्यांनंतर

आधी कबुली. मला गोल्फ येत नाही. एडिंबरात नोकरीसाठी आल्यावर ब्रन्ट्सफील्ड लिंक्सच्या सार्वजनिक मैदानावर छोट्या होलांपुरता (होल म्हणजे चेंडू घालायचं भोक आणि तिथवरची वाट) फुकट चेंडू मारते, तेवढंच. पण या शहरात जरा समुद्राकडे निघालं की गोल्फ आडवं येतंच, म्हणून नामांकित क्लबांच्या इतिहासावर काहीतरी वाचावं असं वाटलं. ऑनलाइन 'गोल्फ क्लब' शोधा, निम्म्या वेळा काठ्याच विकायला येतात. इंग्रजांनी संस्थेला आणि काठीला एकच शब्द ठेवलाय, त्याला काय करणार!

शेवटी बर्नार्ड डार्विनचं 'द गोल्फ कोर्सेस ऑफ द ब्रिटिश आइल्स' हे १९१० सालचं पुस्तक मागवलं. पहिला अनुभव वाईट. स्वस्तातली जी प्रत आली ती जुनी पानं मशीनने वाचून छापलेली, जागोजागी शब्दांची मोडतोड, आणि हॅरी राउंट्रीची रंगीत चित्रं सरळ गायब. ही चित्रं म्हणजे अर्धं पुस्तक आहे. मग जुन्या पुस्तकांच्या दुकानातून चित्रांसकट प्रत घेतली, तिप्पट पैसे मोजून. घ्यायचंच असेल तर आधी चित्रं आहेत ना ते विचारा.

हा डार्विन म्हणजे त्या डार्विनचा सख्खा नातू. जन्मल्यावर चार दिवसांत आई गेली आणि तो आजोबांच्या घरी, डाउन हाउसमध्ये वाढला. वकिली सोडून लंडनच्या 'टाइम्स'साठी गोल्फवर लिहू लागला तो १९५३ पर्यंत. १९२२ मध्ये पहिल्या वॉकर कपची, म्हणजे अमेरिका-ब्रिटनच्या हौशी गोल्फ सामन्यांची, बातमी द्यायला अमेरिकेला गेला, तिथे ब्रिटिश कप्तान आजारी पडला, तर हा लेखणी ठेवून मैदानात उतरला आणि आपला सामना जिंकूनही आला. लिखाणात तोच सहजपणा आहे. खवळलेला वारा, खोल बंकर (वाळूचे खड्डे), चार फुटांवरून चुकलेला 'पट' (भोकात चेंडू ढकलायचा हलका फटका), सगळं तो स्वतः सोसलेल्या माणसासारखं सांगतो.

मी हे पुस्तक घरी बसून फार वाचलं नाही, पाठपिशवीत टाकून फिरवलं. ते तसंच वापरावं. सलग वाचायला घेतलंत तर साठाव्या पानाला जांभई येईल, कारण पहिला होल, दुसरा होल करत स्वारी अठराव्यापर्यंत जाते. पण त्या जागी उभं राहून वाचलं की तीच पानं जिवंत होतात.

मे महिन्यात दादरहून बाबा आले होते, त्यांना रविवारी सेंट अँड्रूजला नेलं. ओल्ड कोर्स रविवारी खेळाला बंद असतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गोल्फच्या हिरवळीवर लोक कुत्री फिरवत होते, पोरं लोळत होती. समोर रॉयल अँड एन्शंट क्लबाची दगडी इमारत. बाबांना वाटलं मैदान क्लबाचंच. नाही, ते सार्वजनिक आहे, क्लब नुसता शेजारी. बाबा म्हणाले, "म्हणजे शिवाजी पार्क आणि जिमखाना!" इतकं नेमकं मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. क्लब १७५४ चा, बावीस जणांनी काढलेला. दहा वर्षांनी त्यांनी बावीस होलांचे अठरा केले, आणि आज जगभर अठराच चालतात. बायकांना सभासद करून घ्यायला मात्र २०१४ उजाडलं.

इथेच डार्विन कमी पडतो. तो जमिनीवर प्रेम करतो. क्लबाच्या दाराशी कोण अडलं, हे विचारत नाही. ते मला बाहेरून गोळा करावं लागलं. लीथ लिंक्सवर आता साधी बाग आहे. १७४४ मध्ये तिथे एडिंबराच्या गोल्फवाल्यांनी तेरा नियम लिहिले आणि पाच होलांवर चांदीच्या काठीसाठी स्पर्धा घेतली. जिंकला जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य. पुढे तो ब्रिटनच्या गादीसाठी बंड करणाऱ्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने गेला, कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर पकडला गेला, आणि वाचला तो डंकन फोर्ब्स या न्यायाधीशाच्या शब्दामुळे. फोर्ब्स त्याचा गोल्फमधला सोबती!

लीथला नियम लिहिणाऱ्यांचा हा क्लब १८३६ मध्ये एडिंबराजवळच्या मसलबराला आणि १८९१ मध्ये म्यूअरफील्डला गेला. मसलबराचे जुने नऊ होल घोड्यांच्या शर्यतीच्या गोलाच्या आत आहेत, पैसे भरून कुणीही खेळावं. तिथल्या स्थानिक क्लबाने १८१० च्या डिसेंबरात ठराव केला होता: गावच्या कोळणींची गोल्फस्पर्धा घ्यायची, बक्षीस मासळीची नवी टोपली, खालच्या क्रमांकांना बार्सिलोनाचे रेशमी रुमाल. हे वाचून मी बसमध्ये एकटीच हसले. आणि म्यूअरफील्डवाल्यांचं २०१६ चं मतदान स्त्री-सभासदांच्या बाजूने दोन तृतीयांशाला अडलं. दार उघडलं ते २०१७ च्या दुसऱ्या मतदानात.

जोडीला चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्डचं १९२८ चं 'स्कॉटलंड्स गिफ्ट: गोल्फ' वाचा, पण सगळंच खरं धरू नका. हा शिकागोचा गडी सेंट अँड्रूजला शिकायला येऊन खेळाच्या नादी लागला. १८९४ मध्ये अमेरिकेचा हौशी विजेता ठरवायला झालेल्या दोन्ही स्पर्धा हरला, दोन्ही वेळा तक्रार केली. मग पाच क्लबांनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली आणि १८९५ मध्ये पहिला अधिकृत हौशी विजेता कोण झाला असेल? लेखक स्वतःबद्दल फार संकोची नाही, एवढंच सांगते.

डार्विनच्या पुस्तकातलं माझं सर्वांत घासलेलं पान वेल्सचं, अ‍ॅबरडोवीचं. तिथे त्याच्या मामाने गावातल्या एका बाईकडून फुलांच्या कुंड्या मागून आणल्या, दलदलीत खड्डे करून त्या पुरल्या, आणि कोर्स सुरू. सप्टेंबरची सुट्टी टाकली आहे. गाडी दोनदा बदलावी लागते, पण पुस्तक पिशवीत आहेच.