खिशातला वारामापक: तीन कोरडे हंगाम वापरल्यानंतर

तळहाताएवढं यंत्र. वरच्या टोकाला छोटा पंखा, मध्ये पडदा, खाली दोन बटणं. वाऱ्याचा वेग, तापमान आणि सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे) एवढंच दाखवतं. मी ते तीन कोरडे हंगाम रोज वापरते आहे. आमचं काम सपाट, उघड्या माळावरचं. जाळरेषा, म्हणजे वणवा अडावा म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या, कुंपणं सांभाळायची, गवत कापून गंज्या लावायच्या. पाऊस संपला की गवत पिवळं पडतं आणि तिथून पुढे कित्येक महिने वणव्याला एक ठिणगी पुरते.

घेण्याआधी या यंत्रांबद्दल जे वाचलं त्यात सगळा भर ते किती वेगापर्यंत मोजतं यावर होता. माळावर त्या आकड्याचं मोल कमी. ताशी ६० किलोमीटरचा वारा ओळखायला यंत्र लागत नाही, उभं राहणंच अवघड होतं. कळत नाही तो २० आणि ३० मधला फरक. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २० चे ३० झाले की दाब सव्वादोन पट. तेवढ्यात ज्वाळा उभी राहायची सोडून पुढच्या गवतावर आडवी होते, त्याला पेटण्याआधीच तापवून सुकवते, आणि आग आपल्या चालण्याच्या वेगाची राहत नाही.

डोळ्यांनी अंदाज का येत नाही, याचंही कारण आहे. ब्यूफोर्टच्या मापनात, म्हणजे भोवतालच्या खुणांवरून वाऱ्याचा जोर पायऱ्यांत ठरवण्याच्या पद्धतीत, जमिनीवरच्या खुणा बहुतेक झाडांच्या आहेत: पानं हलतात, बारीक फांद्या हलतात, लहान झाडं डोलतात. माळावर झाडंच नाहीत. धूळ आणि कागद उडायला लागणं ही चौथ्या पायरीची, ताशी २० ते २८ किलोमीटरची खूण तेवढी उपयोगी पडते, पण गवत दाट असेल तर धूळही उठत नाही. वाळलेलं उंच गवत तर थोड्या वाऱ्यातही झुकतं आणि जास्त वाऱ्यातही झुकतं. म्हणून मी यंत्र घेतलं, आणि त्या एका कामात ते चोख आहे. मंद झुळकेलाही पंखा फिरतो. ताज्या वेगाबरोबर सरासरी आणि सर्वांत मोठा झोत वेगळे दिसतात. उन्हात पडदा नीट वाचता येतो. हातमोजे घालून बटणं दाबता येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण यंत्र कुठे धरायचं, हे सोबतच्या पुस्तिकेत एका ओळीनंही सांगितलेलं नाही. त्याची किंमत आम्ही पहिल्याच हंगामात मोजली. सकाळी जाळरेषा जाळायची होती. मी गाडीपाशी उभी राहून वारा मोजला, ९ आला. सगळ्यांना चालेल म्हणाले. प्रत्यक्षात मी गाडीच्या आडोशाला उभी होते. पन्नास पावलं पुढे, उघड्यावर, वारा त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. काडी लावल्यावर काही मिनिटांतच आग कापलेल्या पट्ट्यावरून पलीकडे गेली. चार माणसं, दोन पाठीवरचे पंप आणि ओली पोती, एवढ्यावर ती अर्ध्या तासात आटोक्यात आली. पलीकडे दोन गंज्या होत्या, त्या वाचल्या. त्या दिवसापासून नियम केला: गाडी, गंजी, माणसं, सगळ्यांपासून लांब जायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं, हात पूर्ण लांब धरायचा आणि दोन मिनिटं हलायचं नाही. पंखा वाऱ्याला तिरका धरला तरी आकडा कमी येतो.

दुसरी फसगत उंचीची. हवामान खात्याच्या अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. आपण हातात धरून मोजतो तो दोन मीटरच्या आतला. गवताच्या घर्षणामुळे खाली वारा मंदावतो, आणि उघड्या माळावर दोन मीटरवरचा वेग १० मीटरवरच्या वेगाच्या साधारण तीन-चतुर्थांश भरतो. अंदाज ३० चा आणि माझ्या हातात २२, असं दिसलं की आमच्यातले बरेच जण म्हणायचे, "खातं उगाच घाबरवतंय." दोन्ही आकडे बरोबर असतात. आता आम्ही हातातल्या आकड्यात त्याचा एक-तृतीयांश मिळवतो आणि मगच अंदाजाशी ताडून बघतो. इतकी साधी गोष्ट विकणाऱ्यांनी डब्यावर छापायला हवी होती.

हे यंत्र मी वाऱ्यासाठी घेतलं, पण मला त्याचा खरा आधार आर्द्रतेच्या आकड्यानं दिला. वाळलेलं गवत इतकं बारीक असतं की भोवतालच्या हवेबरोबर तासाभरात ओलं-कोरडं होतं. आगीचं काम करणारे म्हणूनच त्याला एका तासाचं इंधन म्हणतात. पहाटे दवानं भिजलेलं गवत दुपारी बारुदासारखं पेटतं. आणि हवा साधारण १० अंशांनी तापली की, तिच्यातली वाफ तेवढीच असताना, सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. मागच्या हंगामात एका फाटकाची बिजागरी कापायची होती. दहा वाजता आर्द्रता ४१ टक्के होती. सामान गोळा करेपर्यंत एक वाजला आणि पडदा १९ दाखवत होता. वारा सकाळइतकाच, ऊन थोडं वाढलेलं, बाकी अंगाला काही फरक जाणवत नव्हता. २५ च्या खाली ठिणगी उडेल असं कुठलंच काम करायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलेलं होतं. फाटक उचललं, गाडीत टाकलं आणि उघड्या मातीवर नेऊन तिथे कापलं. वाद झाला नाही, कारण आकडा सगळ्यांनी पाहिला होता. त्याआधी असा थांबा मी सुचवला की अर्धा तास बोलण्यात जायचा.

आर्द्रता मोजताना यंत्र सावलीत धरावं. उन्हात धरलं तर ते स्वतःच तापतं, तापमान जास्त आणि आर्द्रता कमी दाखवतं. खिशातून काढल्या काढल्या वाचू नये, अंगाची ऊब आणि घाम त्याला लागलेला असतो. चार-पाच मिनिटं थांबावं.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. दुसऱ्या हंगामात आर्द्रतेचा आकडा सरकला. संशय आला म्हणून मी मिठाची परीक्षा केली. साध्या मिठात थोडंसंच पाणी घालून ओला लगदा करायचा, तो झाकणात घेऊन यंत्रासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचा, लगदा यंत्राला लागू द्यायचा नाही. २५ अंशांच्या आसपास आतली आर्द्रता ७५ टक्के व्हायला हवी. माझं यंत्र ८१ दाखवत होतं. म्हणजे माळावर खरी २० असताना ते २६ दाखवणार, आणि आम्ही २५ च्या नियमावर विसंबून ठिणगीचं काम सुरू करणार. चूक उलट दिशेची असती तर फक्त काम अडलं असतं. ही चूक धोक्याच्या बाजूची होती. कंपनीला दोनदा लिहिलं. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं की संवेदक (आर्द्रता मोजणारा आतला भाग) बदलता येत नाही, नवीन यंत्र घ्या. दरवर्षी तपासून घ्या, एवढं तरी त्यांनी विकताना सांगायला हवं होतं. आता यंत्राच्या पाठीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे, "६ वजा करा", आणि हंगाम सुरू होण्याआधी मिठाची परीक्षा ठरलेली.

वाऱ्याची दिशा हे यंत्र दाखवत नाही, ही माझ्या मते दुसरी मोठी उणीव. गवताची आग लांबट पसरते. पुढचं तोंड अरुंद, दोन्ही बाजू लांबलचक. वारा वळला की बाजूची अख्खी लांबी एकदम तोंड होते. अमेरिकेत टेक्ससच्या उत्तर टोकाच्या मैदानात २६ फेब्रुवारी २०२४ ला स्मोकहाउस क्रीकची आग लागली. आधी ती पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे धावली, दुसऱ्या दिवशी थंड हवेची लाट आली, वारा उत्तरेचा झाला आणि दक्षिणेकडची लांब बाजू पेटून उठली. शेवटी १० लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळालं. म्हणून मी काठीला हलकी रिबन बांधते, होकायंत्र वेगळं ठेवते आणि दर वाचनाबरोबर दिशा वहीत लिहिते. वेग कमी होत होत दिशा सरकायला लागली, तर मला वेग वाढण्यापेक्षा त्याची जास्त धास्ती वाटते.

तापमान ते बरोबर दाखवतं, पण त्याच्याकडे मी सर्वांत कमी बघते, कारण आग थंडीतही लागते. अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्यात मार्शल आग ३० डिसेंबर २०२१ ला, भर हिवाळ्यात लागली. वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्या वर, खाली वाळलेलं गवत, आणि हजारावर घरं गेली. दुसऱ्या दिवशी तिथे बर्फ पडला.

बारीकसारीक: पंख्यात कुसळं अडकतात. मऊ ब्रशनं काढावी, फुंकर मारू नये, ओलावा आत जातो. एकदा पंखा घासत फिरू लागला, तेव्हा सुटा पंखा लगेच मिळाला आणि घरीच बसवता आला, हे कंपनीच्या बाजूनं नोंदवायला हवं. बटण सेल एक हंगाम पुरतो. गळ्यातली दोरी पहिल्याच महिन्यात तुटली, मी जाड सुतळी लावली आहे.

कुणी घ्यावं? उघड्या गवताळ जमिनीवर कापणी करणाऱ्यानं, जोडकाम (वेल्डिंग) करणाऱ्यानं, जाळरेषा जाळणाऱ्यानं जरूर घ्यावं. कापणी यंत्राचं पातं दगडावर आपटतं, ट्रॉलीची साखळी रस्त्यावर घासते, गाडीचा तापलेला सायलेन्सर उंच गवतावर उभा राहतो, यातल्या कुठल्याही कामाआधी काही मिनिटांचं वाचन जमतं. ज्याला फक्त अंदाज ऐकून घरात थांबायचं आहे त्याला याची गरज नाही.

माझ्या वहीत आता तीन हंगामांची वाचनं आहेत, दिवसातून तीन: सकाळी, एक वाजता, चार वाजता. चारचं वाचन आधी मी टाळायची, काम संपत आलेलं असायचं. आता तेच सर्वांत आधी बघते, कारण आमच्या माळावर आर्द्रतेचा तळ बहुतेक वेळा तिथेच लागलेला आहे. पुढचं यंत्र घेईन ते दिशा दाखवणारं आणि संवेदक बदलता येणारं. हे चिठ्ठीसकट गाडीतच राहील.