पिवळेपणाला भुललो

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सच्या गळ्यात असलेली आरपार दिसणारी गिटार कॉलेजात असताना फोटोत पाहिली, तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. अँपेग कंपनीचं 'डॅन आर्मस्ट्राँग' मॉडेल, बॉडी अ‍ॅक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकची. मूळ गिटार १९६९ ते १९७१ एवढीच बनली (नंतर पुन्हा काढल्या, त्या वेगळ्या), आणि अँपेगचा कारखाना होता लिंडनला, माझ्याच ट्रेनच्या लाइनवर.

त्यामुळे लिंडनमधूनच जाहिरात आली तेव्हा मी विरघळलो. विकणारा म्हणाला, वडील त्या कारखान्यात होते, त्यांचीच गिटार. २,२०० डॉलर. बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त, पण घरात अडचण आहे म्हणाला. बायको म्हणाली, "अडचण असलेला माणूस घासाघीस न करता लगेच दोनशे कमी कसे करतो?" मी ऐकलं नाही.

नोव्हेंबरची संध्याकाळ, पार्किंग लॉट, दिव्याचा अर्धवट उजेड. केस उघडली तर बॉडीला साजूक तुपासारखी पिवळसर झाक. "पन्नास वर्षांची आहे, पिवळी पडणारच," तो म्हणाला. मला तो पिवळेपणा म्हणजे जन्मदाखलाच वाटला.

या गिटारची खरी गंमत पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणाऱ्या भागात आहे. बिल लॉरेन्सने केलेले वेगवेगळ्या आवाजांचे पिकअप. मागचा स्क्रू सैल करायचा, एक सरकवून काढायचा, दुसरा बसवायचा, सोल्डरिंगची भानगड नाही. मी हात घातला तर म्हणाला, "ओढू नका, इतक्या वर्षांत घट्ट बसलाय, अ‍ॅक्रिलिक तडकेल." मी हात मागे घेतला. बॅटरीच्या छोट्या अ‍ॅम्पवर दोन कॉर्ड वाजवले आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून पैसे पाठवले.

दुरुस्तीवाल्याने गिटार हातात घेतली आणि पहिल्यांदा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजले. २२. मूळ गिटारला २४ असतात. तीस वर्षं गिटार वाजवतोय, पण मोजायचं सुचलं नाही! घट्ट बसलेला पिकअप सरकणारा नव्हताच, वायरी थेट डागलेल्या. बॉडी साच्यात ओतलेल्या राळेची होती; बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या टोकाजवळ, टॉर्च धरल्यावर, मोहरीएवढे तीन बुडबुडे दिसले. चांगलं अ‍ॅक्रिलिक सहजासहजी पिवळं पडत नाही, स्वस्त राळ थोड्याच वर्षांत पडते, असं त्याने सांगितलं. म्हणजे ज्या रंगावर मी भुललो, तोच चोराची खूण होता.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. विकणाऱ्याचा नंबर बंद.

कोणी अशी गिटार घेणार असाल तर पिकअप बाहेर काढून दाखवतानाचा व्हिडिओ मागा, आणि दिवसाउजेडी भेटा. पैसे परत मागता येतील अशाच मार्गाने द्या. दोन-तीन टक्के फी वाचवायला मी गेलो होतो.

गेल्या आठवड्यात फिलाडेल्फियाची एक जाहिरात दिसली. नाव दुसरं, फोटो माझ्याच गिटारचे, शिंगाजवळचे तीन बुडबुडे धरून. या वेळी कारखान्यात वडील नव्हते, काका होते.