अग्रशाळेतला मुलांचा घुमट वर्ग : एका आईचा अभिप्राय

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या यात्रेकरूंच्या निवासाच्या इमारतीत, गेल्या जूनपासून दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा मुलांसाठी घुमट या मातीच्या तालवाद्याच्या वादनाचा वर्ग भरतो. माझी नऊ वर्षांची मुलगी पहिल्या दिवसापासून तिथे जात आहे. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली आहे आणि वर्गाचे पहिले सत्रही संपले आहे, तेव्हा मुलांसाठी असा वर्ग शोधणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी दीड वर्ष ती दुसऱ्या एका ठिकाणी तबला शिकत होती. तिथले शिक्षक जाणकार होते, परंतु पहिल्या महिन्यापासून सारे शिकवणे परीक्षेला बांधलेले होते. तालांची नावे, मात्रा, टाळी आणि खाली तिला तोंडपाठ झाली. तबल्यावर हात मात्र कधी मोकळा पडला नाही. परीक्षेत चांगले गुण मिळाले आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने वर्गाला जायचे नाही असे सांगितले. तेव्हा मी तिच्यावर रागावले होते, याचे मला आज वाईट वाटते.

इथे पहिले तीन रविवार शिकवणे असे झालेच नाही. सतरंजीवर आठ घुमटे, दोन शामेळ (काठ्यांनी वाजवायचे ढोलकेवजा वाद्य) आणि कांसाळ्यांच्या, म्हणजे झांजांच्या, तीन जोड्या मांडून ठेवल्या होत्या आणि मुलांनी हवे ते उचलावे, वाजवून पाहावे, कंटाळा आला की खाली ठेवून दुसरे घ्यावे, एवढेच मास्तरांचे सांगणे होते. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. माझी मुलगी दोन रविवार कातड्यावर केवळ उजवा हात मारत राहिली. तिसऱ्या रविवारी तिचा डावा तळवा सहज त्या लहान तोंडावर पडला आणि आवाज एकदम खोल गेला. तिने तळवा काढला, तसा तो पुन्हा मोकळा झाला. पुढची पंधरा मिनिटे तिने तळव्याने ते तोंड झाकणे आणि उघडणे यापलीकडे काही केले नाही. मास्तर तिच्या शेजारीच बसून होते आणि ते अगदी गप्प राहिले. मुलाला स्वतःहून काही सापडत असताना मध्ये न बोलणे शिक्षकाला कठीण असते आणि आईवडिलांना तर त्याहून कठीण. मास्तरांना ते साधते, आणि मी हा वर्ग इतरांना सुचवते त्याचे मुख्य कारण हेच आहे.

चौथ्या रविवारपासून शिस्त सुरू झाली, आणि ती चांगलीच कडक आहे. आरतीची लय धरून ठेवणे, शामेळवाल्याकडे कान ठेवणे, आपला हात चुकला तरी न थांबता पुढच्या आवर्तनात येऊन मिळणे, हे सारे पुन्हा पुन्हा करून घेतले जाते. मात्र वाद्य हे आधी आपले झालेले असल्यामुळे मुले या कष्टांना कंटाळत नाहीत, असे मी चार महिने पाहिले आहे.

वाद्य कसे घडते हेही मुलांना इथे कळते. एका रविवारी मास्तर सर्वांना डिचोलीकडच्या एका कुंभाराकडे घेऊन गेले. परतल्यावर भिजवलेले बकऱ्याचे कातडे तोंडावर ताणून दोरीने करकचून बांधण्याचे काम मोठ्या मुलांनी स्वतः केले. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत असत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि राज्य सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला तो त्यानंतर. जुन्या कातड्याचा आवाज वेगळा होता हे मास्तर मुलांपासून लपवत नाहीत. तो सोडून देणे का योग्य होते, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगतात. पावसाळ्यात कातडे सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून जुलैमध्ये ऊन पडले की प्रत्येक मूल आपले घुमट उचलून अंगणात धावत असे.

लयभास्कर म्हणून ओळखले जाणारे तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर एकाच वेळी हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल दाखवत, अशी त्यांची ख्याती गोव्यात आजही सांगितली जाते. मास्तरांनी ती सांगितल्यावर मुलांनी हाताने दादरा आणि पायाने केरवा हे दोन ताल धरण्याचा हट्ट धरला. कोणालाही जमले नाही. आमच्या घरी मात्र जेवणाच्या टेबलाखाली तो प्रयत्न अजून चालू आहे.

आता उणिवा. जागा अपुरी आहे. अठरा मुले आणि आठ घुमटे असल्यामुळे निम्म्याहून अधिक मुलांना बराच वेळ वाट पाहावी लागते. त्याहून मला खटकलेली गोष्ट म्हणजे ऑगस्टमध्ये आरती स्पर्धेसाठी दहा मुलांचा गट निवडला गेला आणि पुढचे तीन रविवार सारा वेळ त्या गटाला मिळाला. माझी मुलगी त्या गटात होती, तरीही मी हे लिहीत आहे, कारण भिंतीला टेकून बसलेली ती आठ मुले मला दिसत होती आणि त्यांतली दोन चवथीनंतर परत आलेली नाहीत. मी हे मास्तरांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले आणि पुढच्या वर्षी स्पर्धेचा सराव वेगळ्या दिवशी घेण्याचे कबूल केले आहे.

शुल्क महिना ३०० रुपये आहे आणि देवस्थान समिती जागेचे भाडे घेत नाही. केरीच्या गायिका केसरबाई केरकर आणि मंगेशीचे गायक मास्टर दीनानाथ याच तालुक्यातले. त्यांची नावे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने घेतो. मुलांना वाद्य घेऊन बसायला एक खोली देणे हे मला त्या अभिमानाचे खरे रूप वाटते, आणि इतर देवस्थानांनीही असे करावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रवेशासाठी सात वर्षे पूर्ण असावी लागतात. घुमट हे पुरुषांनी वाजवायचे वाद्य, असे माझ्या सासूबाईंचे आधी मत होते. वर्गात सात मुली आहेत, आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी नातीने आरतीला साथ केली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने कांसाळी उचलली. दोन ख्रिस्ती मुलेही वर्गात येतात, कारण मांडो या कोकणी गीतप्रकारालाही घुमटाचीच साथ असते आणि त्यांना ती घरच्या समारंभांत करायची आहे.

वर्ग आता दिवाळीनंतर पुन्हा सुरू होईल. मधल्या काळात वाद्ये कपाटात राहतात, म्हणून एखादे घरी नेता येईल का, असे मुलीने विचारले. मास्तरांनी तिला कातडे फाटलेले एक घुमट दिले आणि नवे कातडे बांधून झाले की वाजवून दाखवायला घेऊन ये, असे सांगितले. सध्या आमच्या न्हाणीघरात एक बादली त्यासाठी अडकलेली आहे.