खुनी शेवटी कळलेला बरा की पहिल्याच पानावर?
डिटेक्टिव्ह स्टोऱ्यांमध्ये एक प्रकार म्हणजे खुनी शेवटपर्यंत लपवलेला, आणि दुसऱ्यात तो सुरुवातीलाच दाखवून टाकतात, मग बघायचं की पकडला कसा जातो. पहिल्यात डोकं चालू ठेवायला लागतं, कोण कधी कुठे होतं, कोणी न विचारताच जास्तीची माहिती दिली वगैरे, आणि लेखक लोक खरा क्लू बऱ्याचदा एखाद्या फालतू वाटणाऱ्या यादीत मधोमध दडवतात, म्हणजे टेबलावर चष्मा, दोन कप, बंद पडलेलं घड्याळ... तुम्ही घड्याळाकडे बघत बसता आणि गोम असते दुसऱ्या कपात! रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये अशा स्टोऱ्यांसाठी दहा नियमच काढले होते, त्यात डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकापासून लपवायचा नाही हाही एक. (सगळे पाळतात असं अजिबात नाही.)

दुसरा प्रकार ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ च्या कथासंग्रहात वापरला. यात खुन्याने सगळं नीट निस्तरलंय असं आपल्यालाही वाटतं, मग चूक राहिली कुठे? परत वाचायला मला पहिलाच भारी वाटतो, पण रोज झोपताना चार पानं वाचणार असाल तर दुसरा घ्या, नाहीतर संशयितांची नावंच विसरायला होतात.